लीलाक्कांचा उजवा डोळा

लीलाक्का कुणाला भेटल्या की नमस्कार, ख्यालीखुशाली या भानगडीत पडत नाहीत. त्या समोरच्याच्या गालावर अंगठा टेकवतात, डोळ्याची खालची पापणी ओढतात आणि म्हणतात, "वर बघ."

समोरचा वर बघतो. आवाजच तसा आहे. मग पापणी सोडून देत त्या निकाल सांगतात. "रक्त कमी आहे." किंवा, "झोप पुरत नाही तुला." माणूस साठीच्या पुढचं असेल तर, "मोतीबिंदू सुरू झालाय. कच्चा आहे अजून. दोन वर्षांनी बघू." एवढं झालं की मग नाव आणि गाव विचारतात.

आम्ही धुळ्याला देवपुरातल्या या कॉलनीत राहायला आलो, त्या सकाळी टेम्पोतून आमचं सामान उतरत होतं. समोरच्या घरातून एक उंच, हाडकुळ्या बाई आल्या. फिकट निळी साडी आणि पायात कॅनव्हासचे बूट. त्यांनी आधी मला वर बघायला लावलं, मग माझ्या नवऱ्याला, आणि मग आमचं आरशाचं कपाट पाठीवर घेतलेल्या हमालाला. त्या बिचाऱ्यानेही वर बघितलं. आमच्या कपाटाला आरसा नाही तो तेव्हापासून.

"काविळीचा संशय होता," एवढंच स्पष्टीकरण त्यांनी दिलं. चार दिवसांनी तो हमाल त्यांच्या दारात रिपोर्ट घेऊन उभा होता. कावीळ निघाली होती. आरशाबद्दल बोलायची सोय त्यामुळे उरली नाही.

अक्कांनी चौतीस वर्षं शिंदखेडा तालुक्यातल्या उपकेंद्रांवर नर्स म्हणून काढली. निवृत्त झाल्यावर बायका देवळात जातात, भजनी मंडळात जातात. अक्का मोतीबिंदू गोळा करायला लागल्या. हे माझे शब्द नाहीत, त्यांचे आहेत. गावोगाव फिरायचं, ओट्यावर बसलेल्या म्हाताऱ्यांच्या पापण्या ओढायच्या, पिकलेले मोतीबिंदू हेरायचे आणि दहा-बारा जण जमले की त्यांची एक तुकडी करून जळगावच्या डोळ्यांच्या दवाखान्यात न्यायची. तिथल्या व्यापारी घराण्यांनी चालवलेला धर्मादाय दवाखाना आहे. त्यांची गाडी येते, माणसं नेते, तिसऱ्या दिवशी परत आणून सोडते. गाडीत बसायला माणसं तयार करणं हे काम अक्कांचं, आणि खरं कठीण काम तेच.

कारण म्हातारी माणसं घाबरतात. डोळ्यात सुई जाणार, या कल्पनेनेच रात्रीतून नातेवाइकांकडे निघून जातात. अक्कांकडे त्यावर एकच औषध होतं. त्या माणसाच्या शेजारी बसायच्या आणि म्हणायच्या, "मी शे ना." मी आहे ना. बाकी समजावणं, चित्रं दाखवणं असलं काही नाही. आणि त्या खरोखर असायच्या. प्रत्येकाच्या कागदावर सोबतचं माणूस म्हणून सही करायच्या, ऑपरेशनच्या दाराशी उभ्या राहायच्या, परतल्यावर महिनाभर फोन करायच्या. त्यासाठी त्यांच्या घरात तीन गजराची घड्याळं होती. गजर वाजला की फोन लावून नाव-गाव न विचारता सुरुवात, "सहाचा थेंब पडला का?"

माणसांची नावं त्यांच्या लक्षात राहायची नाहीत. डोळे राहायचे. "तो धमाण्याचा डावा भेटला होता बाजारात." "ती नरडाण्याची दोन्ही, तिच्या नातीचं लग्न आहे." त्या लग्नाला मी त्यांच्याबरोबर गेले होते. मांडवात पुढच्या रांगेत सहा म्हातारे-म्हाताऱ्या एकसारखे काळे चष्मे लावून बसले होते. फोटोग्राफरला वाटलं, घरातली रीतच असावी. त्याने नवरदेवालाही एक चष्मा मागून घातला.

जगातली निम्मी भांडणं चष्म्याचा नंबर चुकल्याने होतात, असं त्यांचं ठाम मत आहे. एकदा आम्हा नवरा-बायकोची पडद्याच्या रंगावरून वादावादी चालली होती. अक्का ऐकून आत आल्या, दोघांच्या पापण्या ओढल्या आणि नवऱ्याला डोळे तपासायला पाठवलं. नंबर बदललेला निघाला. मी जिंकले, पण नवऱ्याने तो निकाल अजून मनापासून मान्य केलेला नाही.

त्यांच्या स्वतःच्या आयुष्याबद्दल विचारलं तर उत्तर आखूड मिळायचं. लग्नाबद्दल मी एकदाच विचारलं होतं. म्हणाल्या, "दोन वर्षं केलं. मग नोकरी लागली." एक भाऊ नशिराबादला आहे. त्याची केळीची शेती आहे, सुना-नातवंडं आहेत, एवढं मला माहीत होतं. तो कधी आलेला मात्र मी पाहिला नव्हता.

दीड वर्षापूर्वी अक्कांनी स्वतःचा उजवा डोळा करून घेतला. अकरा जणांची तुकडी घेऊन गेल्या आणि बारावा नंबर स्वतःचा लावला. आम्हाला कळलं तेव्हा त्या काळा चष्मा लावून परतलेल्या होत्या आणि दारात उभ्या राहून कुणाला तरी फोनवर थेंबांची आठवण करत होत्या. मी रागावले. म्हटलं, अक्का, सांगायचं तरी. त्या म्हणाल्या, सांगण्यासारखं काय आहे त्यात, रोजचं काम आहे.

पुढचे काही महिने त्या फार छळवादी झाल्या. नव्या भिंगातून त्यांना सगळ्या जगाचा मळ दिसायला लागला. माझे पडदे, नवऱ्याच्या शर्टाची कॉलर, दूधवाल्याच्या कॅनची कड. स्वतःच्या स्वयंपाकघराच्या भिंती त्यांनी तीनदा धुतल्या. एकदा मात्र ओट्यावर बसून तांदूळ निवडताना थबकल्या आणि तांदूळ हातात घेऊन मला म्हणाल्या, की हे एवढे पांढरे असतात हे आपण विसरूनच गेलो होतो. असल्या गोष्टी त्या सहसा बोलत नाहीत. म्हणून माझ्या लक्षात राहिलं.

वर्ष उलटल्यावर काहीतरी बदलायला लागलं. ते मला एकदम कळलं नाही. मी कॉलेजच्या ग्रंथालयात काम करते, दिवसभर पुस्तकांच्या पाठीवरचे बारीक नंबर वाचते. शेजारच्या बाईंचं वाचन सुटलंय हे माझ्या आधी कुणाला कळायला हवं होतं? अक्का रोज संध्याकाळी पेपर घेऊन यायला लागल्या आणि मला मोठ्याने वाचायला लावायला लागल्या. कारण काय, तर तुझे उच्चार सुधारतील. मी रोज वाचत होते.

मग तो चुकीचा फोन झाला. सहाचा गजर वाजला, अक्कांनी नंबर लावला आणि थेंब पडला का म्हणून विचारलं. पलीकडून घाबरलेला आवाज आला, "कोणता थेंब?" अक्का चिडल्या. आठ दिवस थेंब टाकला नाही, डोळा घालवायचाय का, वगैरे पाच मिनिटं झाली. पलीकडचे गृहस्थ साक्रीकडचे निवृत्त ग्रामसेवक होते. त्यांचा आणि अक्कांचा काही संबंध नव्हता. एक आकडा चुकला होता. पण दुसऱ्या दिवशी त्यांचाच फोन आला. म्हणाले, बाई, तुम्ही कोण ते माहीत नाही, पण मला खरंच दिसत नाहीये. ते पुढच्या तुकडीत दाखल झाले. ही गोष्ट कॉलनीत महिनाभर पुरली. हसताना कुणालाच वाटलं नाही की अक्कांसारखी बाई नंबर चुकली कशी. मलाही नाही.

शेवटी त्यांनीच सांगितलं, तेही आडून. एका संध्याकाळी आम्ही ओट्यावर बसलो होतो. रस्त्यावरचे दिवे नुकतेच लागले होते. अक्का बराच वेळ एका दिव्याकडे बघत होत्या. मग म्हणाल्या, "वैशाली, त्या दिव्याला केस दिसतात का तुला?"

मी म्हटलं, केस?

"चारी बाजूंनी. पिंजारलेले."

मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. हळूहळू सगळं बाहेर आलं. चार-पाच महिन्यांपासून उजवा डोळा धूसर झाला होता. अंघोळीनंतर आरशावर वाफ धरावी तसं. ती वाफ पुसली जात नव्हती. रोज सकाळी डावा डोळा हाताने झाकून त्या खिडकीतून आमच्या दाराकडे बघायच्या. आधी पाटीवरचं आडनाव वाचता यायचं. मग नुसती पाटी दिसायला लागली. आता दार दिसतं. डाव्या डोळ्याचा मोतीबिंदू वाढत चाललाच होता, पण उजव्याचं काय ते कळल्याशिवाय त्याला हात लावायला मन होत नव्हतं.

उपाय करून झाले होते. चष्मा दोनदा बदलला होता. मग खाली बघत म्हणाल्या, की कुणाचे तरी उरलेले थेंबही पंधरा दिवस टाकले. ते सांगताना त्यांचा चेहरा मला बघवला नाही. दुसऱ्या कुणी हे केलं असतं तर अक्कांनी त्याला भर चौकात उभं करून फाडलं असतं.

मी म्हटलं, मग दवाखान्यात दाखवत का नाही? तुमचाच दवाखाना आहे.

कारणं तयार होती. पुढच्या महिन्यात चौदा जणांची तुकडी निघणार होती. त्यात सोनगीरचे आबा होते. आबांचे दोन्ही डोळे पिकलेले. आधार म्हणून म्हशीच्या पाठीवर हात ठेवून ते शेतात जायचे, पण दवाखान्याला तीन वर्षं नकार देत होते. यंदा कसेबसे हो म्हणाले होते. अक्कांचाच डोळा बिघडला हे कानावर गेलं तर आबा गळतील आणि त्यांच्या मागे उरलेले तेराही गळतील. हे मला पटण्यासारखं होतं. मी ग्रंथालयात बसून इंटरनेटवर वाचून काढलं आणि त्यांना सांगायला गेले, की ऑपरेशननंतर काही महिन्यांनी, वर्षांनी असं धूसर होणं नवीन नाही. भिंगामागच्या पापुद्र्यावर साय धरते, ती लेझरने मोकळी करतात. अक्कांनी माझं बोलणं पूर्ण होऊ दिलं आणि मग म्हणाल्या, की हे त्यांनी स्वतः पन्नास जणांना समजावलेलं आहे.

"साय असेल तर ठीकच," त्या म्हणाल्या. "पडद्याचं असलं तर?"

डोळ्याच्या मागच्या पडद्याला सूज आली, तिथे काही बिघडलं, तरी सुरुवातीला असंच धूसर दिसतं, हे त्यांना माहीत होतं. एका बाईंना उशीर झालाय असं डॉक्टरांनी सांगितलं होतं आणि ते त्या बाईंना समजावून सांगायचं काम अक्कांवर आलं होतं. बाकीच्यांना एक भीती असते. अक्कांना सगळ्या प्रकारच्या भीत्या त्यांच्या नावांसकट ठाऊक होत्या. मी म्हटलं, उशिराचीच भीती असेल तर उशीर का करताय? त्यावर त्या उठून घरी गेल्या.

असेच दिवस गेले. मी आठवण करायची, त्या विषय बदलायच्या. मग एका रविवारी माझ्या नवऱ्याचा डोळा लाल झाला. डॉक्टरांनी थेंब दिले. थेंब टाकायचे म्हटल्यावर अक्का हजर झाल्या. त्यांच्या हद्दीत दुसऱ्या कुणी थेंब टाकायचे नाहीत. नवरा खुर्चीवर मान मागे टाकून, डोळा ताणून बसला. अक्कांनी टेबलावरची बाटली उचलली, टोपण काढलं आणि हात डोळ्यावर नेला. मी स्वयंपाकघरातून बाहेर येत होते. त्यांच्या हातातली बाटली कानाच्या थेंबांची होती. तीही तशीच छोटी, पांढरी. गेल्या आठवड्यापासून तिथे पडलेली.

मी धावत जाऊन त्यांचा हात धरला. अक्कांनी बाटली डोळ्यांजवळ नेली, लांब नेली, पुन्हा जवळ आणली. मग मला विचारलं, "काय लिहिलंय?"

मी वाचून दाखवलं.

त्या तिथेच सोफ्यावर बसल्या. नवरा बिचारा अजून वर बघत होता. त्याला वाटलं, थेंब पडायचाय. मग अक्का हळू आवाजात म्हणाल्या, की गेले दोन महिने त्या बाटल्या वाचत नाहीत, आकारावरून ओळखतात. चौतीस वर्षांत एकदाही हातून चुकीचं औषध गेलं नव्हतं. नवऱ्याने त्यांना चहा करून दिला. तो त्यांनी पूर्ण प्यायला नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी माझ्यासमोर दवाखान्यात फोन लावला. मी नंबर लावून दिला. तिकडून सांगितलं, केव्हाही या, बाहुली मोठी करणारे थेंब टाकून तपासावं लागेल, काही तास नीट दिसणार नाही, म्हणून सोबत घरचं कुणीतरी आणा. अक्का हो म्हणाल्या आणि फोन ठेवला.

आणि गेल्या नाहीत. एक आठवडा गेला, दुसरा गेला. बुधवारी जाते, मग पाऊस आहे, मग तुकडीचे कागद करायचेत. तिसऱ्या आठवड्यात माझा संयम सुटला. मी त्यांना जरा लागेल असंच बोलले. म्हटलं, सगळ्या जगाला धीर देता आणि स्वतःवर वेळ आली की लहान मुलासारख्या घाबरता. त्यांनी ऐकून घेतलं. उलट बोलल्या नाहीत, हेच मला विचित्र वाटलं. मी म्हटलं, शनिवारी मी रजा टाकते, आपण दोघी जाऊ. त्यावर त्यांची गडबड उडाली. तुला कशाला त्रास, तुझं कॉलेज, तुझा स्वयंपाक, मी तुकडीबरोबर जाईन. मी म्हटलं, शनिवारी सातची बस.

शनिवारी त्या पावणेसातलाच स्टॅंडवर उभ्या होत्या.

बसमध्ये त्यांनी कंडक्टरची पापणी ओढली. पारोळ्यापर्यंत शेजारच्या दोन प्रवाशांचा निकाल लावला. निकाल पापणीवर होते की अंदाजावर, देव जाणे. पण एरंडोलनंतर केळीच्या बागा सुरू झाल्या तशा त्या गप्प झाल्या. मी विचारलं, नशिराबादच्या भावाला कळवायचं का, जळगावपासून जवळच आहे. त्यांनी मान हलवली. म्हणाल्या, त्याला कळवायचं तर ऑपरेशन झालं होतं तिथपासून सांगावं लागेल.

दवाखान्यात अक्का म्हणजे घरच्यासारख्या. वॉचमनपासून नर्सपर्यंत सगळे ओळखीचे. खिडकीवरचा क्लार्क हसून म्हणाला, "अक्का, आज किती आणले?"

"आज एकच," अक्का म्हणाल्या.

त्याने इकडेतिकडे बघितलं, पेशंट कोण ते शोधायला. मग माझ्याकडे बघितलं. मी मान हलवून अक्कांकडे बोट दाखवलं. तो जरा गडबडला. त्याने आतून जुनी फाइल आणली, नवा कागद तिच्यावर ठेवला आणि भरायला माझ्याकडे दिला.

अक्का बाकावर बसल्या. मी जुन्या कागदावरून नाव, पत्ता, वय उतरवून घेत होते. दीड वर्षापूर्वीचा तो कागद अक्कांनी स्वतः भरलेला होता; त्यांचं टपोरं, सरळ अक्षर मी ओळखते. खाली एक रकाना होता: सोबत आलेल्या व्यक्तीचे नाव. तिथे लिहिलं होतं, सखूबाई, धमाणे. नाते: बहीण. खाली निळ्या शाईचा अंगठा होता.

मला आठवलं, सखूबाई म्हणजे त्याच तुकडीतल्या. त्याच दिवशी त्यांचंही ऑपरेशन होतं.

मी कागद घेऊन अक्कांकडे गेले आणि विचारलं. त्यांना वाटलं, मी हसेन. त्यांनीच आधी हसून घेतलं. म्हणाल्या, त्यात काय, तिच्या कागदावर माझं नाव होतं, माझ्या कागदावर तिचं टाकलं. दोघींनाही धड दिसत नव्हतं. अंगठा कुठे करायचा ते तिला हात धरून दाखवलं, एवढंच.

मी हसले नाही. उभीच राहिले. अक्का थोडा वेळ बुटांच्या नाड्यांकडे बघत बसल्या.

"तू म्हणालीस ना, मी घाबरले," त्या म्हणाल्या. "घाबरले होते, ते खरं. पण तीन आठवडे त्याने नाही लागले. फोनवर ती मुलगी म्हणाली, घरचं कुणीतरी आणा. बठ्ठ्यांच्या, सगळ्यांच्या कागदावर माझंच नाव आहे, वैशाली. माझ्या कागदावर कुणाचं लिहायचं, ते ठरेना."

आम्ही नऊ वर्षं समोरासमोर राहतो. माझ्या आईचं ऑपरेशन याच दवाखान्यात झालं होतं. तेव्हा मला रजा मिळाली नव्हती आणि तीन दिवस अक्का तिच्या खाटेशी होत्या. आईच्या कागदावर लीला हे नाव आहे. त्या स्वतः ऑपरेशन करून आल्या तेव्हा मी सांगितलं का नाही म्हणून रागावले होते. तुमच्याबरोबर कोण होतं, हे मी विचारलं नव्हतं. ते मला तिथे बाकाशी उभं राहून आठवलं. मी पेन काढलं, रकान्यात माझं नाव लिहिलं. नात्याच्या रकान्यात काय लिहू म्हणून थांबले, तेवढ्यात नर्सने अक्कांना आत बोलावलं. मी "घरची" असं लिहिलं. क्लार्कने वाचलं आणि शिक्का मारला.

थेंब टाकल्यावर तासभर बाहुली मोठी व्हायची वाट बघितली. डॉक्टर तरुण होत्या, शांत बोलणाऱ्या. त्यांनी यंत्रातून उजवा डोळा बराच वेळ बघितला. अक्का हनुवटी टेकवून बसल्या होत्या. त्यांचा हात टेबलाच्या कडेवर घट्ट आवळलेला मला दिसत होता. डॉक्टर म्हणाल्या, मागचा पडदा चांगला आहे, सूज नाही. भिंग जागेवर आहे. भिंगामागच्या पापुद्र्यावर साय धरली आहे. कुणाचं चुकलेलं नाही, बऱ्याच जणांना होतं. लेझरने त्यात छोटी खिडकी करू, टाके नाहीत, कापणं नाही. मग म्हणाल्या, "पण अक्का, धूसर दिसायला लागलं की लगेच यायचं, हे तुम्हीच सगळ्यांना सांगता ना?"

अक्कांनी शाळेतल्या मुलीसारखी मान डोलावली. विचारलं, आजच होईल का? डॉक्टर म्हणाल्या, होईल.

लेझरला पाचेक मिनिटंच लागली. नंतर डोळ्यातला दाब तपासायला तासभर थांबायला सांगितलं. बाहुल्या अजून मोठ्याच होत्या, उजेड सहन होत नव्हता. अक्का काळा चष्मा लावून भिंतीला टेकून बसल्या. मग अचानक म्हणाल्या, आबांना फोन लाव. मी नंबर लावून फोन त्यांच्या कानाशी धरला.

"आबा, मी लीला शे," त्या म्हणाल्या. "मना डोयावर परत साय उनी व्हती. तुमले सांगं नही, ते मनं चुकनं. आज काढी टाकी."

आजूबाजूची माणसं बघायला लागली. फोनचा आवाज मोठा होता. मला म्हशीचा आवाज ऐकू आला. मग आबांनी विचारलं, "दुखनं का?"

"नही."

मग आबांनी सोबत कोण आहे ते विचारलं. अक्कांनी चष्म्याआडून माझ्या दिशेने बघितलं आणि सांगितलं, समोरची वैशाली आहे. आबा म्हणाले, मग ठीक, यादीत मनं नाव राहू दे.

बाकीच्यांना अक्कांनी पुढच्या आठवड्यात गावात जाऊन सांगितलं. दोघे गळाले. बारा आले. अक्का म्हणतात, त्या दोघांनाही बघते.

त्या शनिवारी परत निघालो तेव्हा ऊन उतरायला लागलं होतं. दवाखान्यासमोरचा रस्ता रुंद, रिक्षा आणि ट्रॅक्टरची गर्दी. एरवी अक्का माझ्या पुढे दहा पावलं चालतात आणि मागे वळून, पाय उचल म्हणतात. त्या दिवशी त्या फुटपाथच्या कडेला थांबल्या. पायरी किती खाली आहे त्याचा अंदाज येत नव्हता. मी हात पुढे केला. त्यांनी तो मनगटाजवळ धरला, नर्स नाडी बघायला धरते तसा, आणि आम्ही रस्ता ओलांडला.

बसमध्ये त्यांना खिडकीची जागा दिली. एरंडोलला एक बाई चढल्या आणि अक्कांसमोर उभ्या राहिल्या. अक्कांनी त्यांची पापणी ओढली नाही. बाहेर केळीच्या बागा मागे पडत होत्या. पारोळ्याच्या अलीकडे बसचा वेग कमी झाला, तसा अक्कांनी काळा चष्मा वर केला आणि डोळे बारीक करून बाहेर बघितलं.

"पारोळा," त्यांनी वाचलं. मग त्याखालच्या दुकानाची पाटी वाचली. मग शेजारच्या भिंतीवर रंगवलेली बियाण्याची जाहिरात, शेवटच्या ओळीपर्यंत.

त्यांना दिसत होतं. माझं मनगट अजून त्यांच्या हातात होतं. आता सोडतील, असं मला वाटलं. बस पारोळ्याहून सुटली, त्यांनी चष्मा पुन्हा खाली केला आणि हात तसाच ठेवला. धुळ्यापर्यंत मीही तो हलू दिला नाही.